अद्भुताचा नियम

विनोदी विज्ञानपटाची सुरुवात एका अशक्य गोष्टीने होते. माणूस अदृश्य होतो, यंत्राला प्रेम करावेसे वाटते, परग्रहावरचा पाहुणा राजस्थानच्या माळावर उघडावाघडा उतरतो. ही एक गोष्ट प्रेक्षक काहीही न विचारता मान्य करतो. पुढचे मात्र तो फुकट मान्य करत नाही. माणूस अदृश्य झाला तर त्याचे कपडे दिसतात का, त्याने उचललेला तांब्या दिसतो का, तो पावसात उभा राहिला तर काय होते, हे प्रश्न त्याच्या मनात आपोआप येतात. चित्रपटाने या सगळ्यांची उत्तरे एकाच नियमाने दिली की हसू फुटते. तिकीट काढून आलेल्या कोणालाही हा नियम समजतो. त्यासाठी पदार्थविज्ञान शिकलेले असावे लागत नाही. या प्रकारातले बरेच चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात मन जिंकतात आणि मध्यंतरानंतर ढेपाळतात. कारण बहुतेक वेळा एकच असते. स्वतःच घातलेला नियम पटकथा पुढे विसरते.

मराठीत या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट म्हणजे सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’. तो ११ मार्च २०१६ रोजी प्रदर्शित झाला. डहाके यांनी त्याआधी मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून ‘शाळा’ केला होता आणि नंतर ‘आजोबा’ (२०१४). पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला पकडलेला एक बिबट्या माळशेज घाटाजवळ सोडल्यावर चालत मुंबईला पोहोचला, त्या खऱ्या घटनेवर ‘आजोबा’ बेतला आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या उसात बिबट्याचे बछडे सापडणे ही नेहमीची बातमी असल्याने या भागाला त्या चित्रपटाचा विषय परका नव्हता. ‘फुंतरू’ची गोष्ट मात्र इंजिनिअरिंग कॉलेजातली. एका हुशार मुलाचे एका मुलीवर प्रेम बसते, ती दाद देत नाही, म्हणून तो तिची हुबेहूब होलोग्राम प्रतिमा तयार करतो. केतकी माटेगावकर आणि मदन देवधर यांच्या मुख्य भूमिका आहेत.

कल्पना उत्तम आहे आणि तिच्या पोटात शंभर प्रसंग आहेत. प्रकाशाची बनलेली मुलगी दिसेल, पण हाताला लागणार नाही. तिची सावली पडणार नाही. भर उन्हात ती फिकी होईल. वीज गेली की तीही जाईल. शिरूर आणि शेजारच्या दौंडच्या शेतकऱ्याला कृषिपंपाच्या थ्री फेज विजेसाठी पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागाव्या लागल्या आहेत. या आठवड्यात दिवसपाळी की रातपाळी, हे इथे घरातल्या लहान पोरालाही पाठ असते. लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर चालणारे प्रेम या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसते. त्याहून खोलवरचा प्रश्न असा, की ज्या मुलीने नकार दिला तिचीच प्रतिमा करून तिच्याकडून होकार घेणे याला काय म्हणायचे, आणि ती प्रतिमाच उद्या नकार देऊ लागली तर? हा प्रश्न आज, यंत्राशी तासन्‌तास बोलणाऱ्या माणसांच्या काळात, २०१६ पेक्षा जास्त जवळचा झाला आहे. ‘फुंतरू’ त्या प्रश्नाला हात घालतो, पण कॉलेजातली मौजमस्ती, मित्रांची टिंगलटवाळी आणि एकतर्फी प्रेमाची घालमेल यांत त्याचा बराच वेळ खर्च होतो. प्रतिमेला बंधन कशाचे आणि मोकळीक कशाची हे मनावर ठसत नाही, म्हणून अडचणीतून उपजणारे प्रसंग थोडे पडतात आणि भावना संवादांतून सांगाव्या लागतात. तरीही हा चित्रपट बाजूला टाकण्याजोगा नाही. मराठी पडद्यावर अद्भुत प्रयोगशाळेतून आणण्याचे धाडस त्याने केले, आणि त्याची उणीव कल्पनेची नसून बांधणीची आहे.

अद्भुताला मराठी विनोदी चित्रपटात तोटा कधीच नव्हता. ते देवळातून नाही तर मांत्रिकाकडून येत असे, इतकेच. महेश कोठारे यांच्या ‘दे दणादण’मध्ये (१९८७) लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भित्र्या हवालदाराला मारुतीकडून अचाट बळ मिळते आणि लाल रंग नजरेस पडला की ते जाते. आता महाराष्ट्रात लाल रंग चुकवायचा कुठे? कपाळावर कुंकू, वाळत घातलेल्या मिरच्या, स्टँडवर एसटी. खुद्द मारुतीची मूर्ती शेंदराने माखलेली. नियम सोपा, आणि तो मोडण्याची भीती चौकाचौकात उभी. त्याच वर्षी आलेल्या शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त अदृश्य झालेला नायक लाल प्रकाशात दिसू लागतो. एकीकडे शक्ती देवाची, दुसरीकडे नायकाच्या शास्त्रज्ञ वडिलांनी बनवलेल्या यंत्राची. विनोदाची रचना मात्र दोन्हींकडे सारखी आहे.

‘झपाटलेला’ (१९९३) याहून चांगले उदाहरण आहे. मरणाऱ्या गुंडाचा, इथे तात्या विंचूचा, आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’मधून (१९८८) आलेली. कोठारे यांनी तिला एक जोड दिली आणि ती जोडच चित्रपट तारून नेते. त्यांचा लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा आहे. बाहुला खरोखर बोलतो असे तो जिवाच्या आकांताने सांगतो आणि कोणी विश्वास ठेवत नाही, कारण बाहुल्याला बोलते करणे हाच तर त्याचा धंदा. ज्या कलेवर त्याचे पोट आहे तीच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला होता, म्हणजे पडद्यामागेही शब्दभ्रमकाराचाच हात होता. तात्याचा नियमही पक्का आहे. आपले रहस्य ज्याला पहिल्यांदा सांगितले त्याच्याच शरीरात त्याला शिरता येते, दुसऱ्या कोणाच्या नाही. त्यामुळे पाठलागाला दिशा मिळते आणि प्रेक्षकाला कोणासाठी घाबरायचे ते कळते. केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’त (२००४) संजय नार्वेकर यांच्या नायकाला बायकांच्या मनातले ऐकू येऊ लागते. अशीच कल्पना चार वर्षांपूर्वी अमेरिकेत ‘व्हॉट विमेन वाँट’मध्ये येऊन गेली होती, तरी इथे ती मुंबईतल्या दाटीवाटीच्या घरात आली. ज्या आवाजांनी नायक करवादलेला असतो त्यांचा आतला आवाज ऐकणे ही त्याची शिक्षा आणि तोच त्याचा धडा. मराठी पटकथेला नियम पाळता येत नाही, असे यानंतर कोणी म्हणू नये.

शिरूर आणि दौंडच्या प्रेक्षकाला नियमाने चालणारा वेडेपणा सिनेमाच्या आधीपासून ठाऊक आहे. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी तमाशा फडांसाठी गण, गवळणी, लावण्या आणि वगनाट्ये आयुष्यभर लिहिली. राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याची कला केंद्रे आहेत. गावच्या जत्रेला फड आला की गण-गवळणीनंतर बतावणी रंगते आणि तिथे सरदार व सोंगाड्या समोरासमोर येतात. सोंगाड्याचे शस्त्र एकच: समोरच्याचा शब्द जसाच्या तसा घेणे. डोळ्यांत तेल घालून पहारा कर, असे त्याला सांगावे, तर तो विचारणार, तेल खोबरेल की करडईचे? मग एका डोळ्याला किती पळ्या? तेल घातले, डोळे चुरचुरले, दिसेनासे झाले. आता पहारा कोण करणार? म्हणून पहारेकऱ्यावर दुसरा पहारेकरी नेमा, त्याच्यासाठी आणखी तेल आणा, तेलासाठी तिजोरी उघडा. या धर्तीची बतावणी पाच मिनिटांत राजाचा खजिना रिकामा करते, आणि वाटेत एकही पायरी गाळत नाही. लोक हसतात ते त्या पायऱ्यांना. सोंगाड्याने मधलीच पायरी सोडून एकदम खजिन्यावर उडी मारली असती, तर मागच्या रांगेतून शिट्टी आली असती.

शंकर यांच्या तमिळ ‘एंथिरन’मधला (२०१०, हिंदीत ‘रोबोट’) चिट्टी हा असाच लोखंडी सोंगाड्या आहे. त्याला आज्ञा कळते, तिच्यामागची रीतभात कळत नाही. सुरुवातीला यावर प्रेक्षक खळखळून हसतो. मग इमारतीला आग लागते, चिट्टी लोकांना वाचवत सुटतो आणि न्हाणीघरात अडकलेल्या एका मुलीला विवस्त्र अवस्थेत कॅमेऱ्यांसमोर आणून ठेवतो. ती लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली येते. हसवणारा आणि रडवणारा नियम एकच होता, हे त्या क्षणी कळते, आणि चित्रपटाला एकाएकी वजन येते. पुढे शेकडो चिट्ट्यांचा गोळा होऊन चाललेली दीर्घ मारामारी डोळे दिपवते, पण त्या एका प्रसंगाची सर तिला येत नाही.

नागपूरच्या राजकुमार हिरानी यांचा ‘पीके’ (२०१४) चढ-उताराच्या बाबतीत अधिक बोलका आहे. परग्रहवासीयाला आपली भाषा येत नाही. हात हातात धरला की तो समोरच्याची भाषा उचलतो, आणि त्याच्या हाती लागतो तो भोजपुरी बोलणारीचा हात. म्हणून तो शेवटपर्यंत भोजपुरीच बोलतो. गांधीजींचे चित्र दाखवले की वस्तू मिळतात, हे त्याच्या ध्यानात येते. मग तो भिंतीवरची, वहीवरची, कागदाच्या चिटोऱ्यावरची गांधीजींची चित्रे गोळा करून भाजीवाल्याकडे गाजर मागायला जातो. भाजीवाला सगळी चित्रे परत करतो, फक्त एकाच प्रकारच्या कागदावरचे गांधीजी ठेवून घेतो. पैसा म्हणजे काय, यावर इतके थोडक्यात आणि इतके नेमके भाष्य हिंदी पडद्यावर क्वचित झाले असेल. तिथे पीके काहीही शिकवत नाही, त्याला फक्त गाजर हवे आहे. उत्तरार्धात मात्र तोच पीके टीव्हीच्या व्यासपीठावर बसून एका बाबाशी वाद घालतो. त्याचे म्हणणे रास्त आहे, धैर्याचे आहे, पण आता तो परग्रहावरून आलेला राहिलेला नाही. कोणत्याही सुजाण माणसाने तेच म्हटले असते. कल्पनेचा धागा सुटतो तो इथे.

मराठी साहित्यात या कसोटीला उतरलेले लेखन आहे. जयंत विष्णु नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आद्याक्षरे उलट क्रमाने घेतलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात. पहिले बक्षीस त्यांनाच मिळाले. पुढे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये त्यांनी इतिहासातली एकच घटना बदलली आणि कथेतली सगळी मुंबई त्या बदलाप्रमाणे काटेकोर उभी केली. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत एक पीळ देऊन टोके जोडलेल्या मोबियसच्या पट्टीच्या कल्पनेतून वस्तू आणि माणूस आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलटे होतात. उजव्या हाताने चेंडू टाकणारा गोलंदाज एकाएकी डावखुरा होऊन मैदानात उतरतो. नारळीकर (१९३८–२०२५) यांची ही कथा अजून मराठी विनोदी चित्रपटासाठी कोरी वाट आहे, आणि ती वाट शिरूर-दौंडमधूनच जाते.

अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे. दौंडकडून भीमा ओलांडली की पलीकडे कर्जत तालुक्यात सिद्धटेक लागते, आणि आठांतला उजव्या सोंडेचा गणपती तो एकटाच. आता समजा, या भागातला एखादा माणूस नारळीकरांच्या कथेतल्याप्रमाणे उलटा झाला. त्याला आपण उलटे झालो असे वाटणारच नाही. जगच उलटे झालेले दिसेल. एसटीवरची पाटी त्याला आरशातल्यासारखी दिसेल. रस्त्यावरची सगळी वाहने चुकीच्या बाजूने येताना दिसतील. तो यात्रेला निघाला तर सात ठिकाणी त्याला उजवी सोंड दिसेल आणि सिद्धटेकला डावी. प्रदक्षिणा तो नेहमीसारखीच घालेल आणि रांगेतल्या प्रत्येकाला समोरून धडकेल, वर सगळ्या गावाला दिशा कळत नाही म्हणून वैतागेल. तीर्थासाठी तो उजवा हात पुढे करेल तो पुजाऱ्याच्या दृष्टीने डावा असेल. दवाखान्यात डॉक्टर छातीच्या डाव्या बाजूला नळी लावतील आणि ठोके तिथे सापडणार नाहीत.

यापुढचा भाग रसायनशास्त्राचा आहे आणि तो सर्वांत मजेचा आहे. साखर, पिष्ट आणि प्रथिने यांच्या रेणूंना डावे-उजवे असते, आणि शरीरातली विकरे त्यांतल्या एकाच बाजूला बसतात. उलट्या झालेल्या माणसाची विकरेही उलटी, म्हणून आपली साखर त्याला पचणार नाही. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे साखर कारखाने ज्या भागाची ओळख आहेत, जिथे गुऱ्हाळाचा धूर दिसतो आणि रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, तिथला हा माणूस तांब्या-तांब्या रस पिईल, गुळाचा खडा चघळेल, भाकरी-पिठले खाईल, आणि अंगी काही लागणार नाही. पाणी आणि मीठ त्याला चालेल, कारण त्यांच्या रेणूंना डावे-उजवे नाही. मद्यार्कालाही नाही. म्हणजे उसाच्या मुलखात हा माणूस उपाशी मरेल, आणि त्याच उसाच्या मळीपासून गाळलेली दारू मात्र त्याला पूर्ववत चढेल. घरच्यांना वाटेल तो पिऊन-पिऊन वाळला. त्याची खरी तक्रार कोणी ऐकणार नाही, जशी लक्ष्याची कोणी ऐकली नव्हती. इथे हसणे थांबते आणि गोष्ट सुरू होते. तिच्यासाठी स्फोट लागत नाहीत, परदेशातले चित्रीकरण लागत नाही. लागतो तो नियम आणि तो शेवटपर्यंत पाळण्याचा संयम.

असल्या गोष्टीला लागणारी जागाही इथे तयार आहे. पुण्याहून अहिल्यानगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन वर्षानुवर्षे दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. पुढे तोंड करून बसलेला प्रवासी दौंडनंतर पाठमोरा प्रवास करी. कॉर्ड लाइन झाल्यापासून अनेक गाड्यांचा हा फेरा चुकला, पण दौंडकरांच्या बोलण्यात तो अजून आहे. उलटा झालेला माणूस पहिल्यांदा या जंक्शनवर उतरावा, याहून योग्य प्रवेश सुचणार नाही. शिरूरपासून फार लांब नसलेल्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या बऱ्याच शेतांच्या मधोमध. रांजणगावच्या एमआयडीसीत वाहनांपासून घरगुती उपकरणांपर्यंतचे कारखाने आहेत, कुरकुंभला रसायनांचे. आयटीआय करून तिथे पाळीवर जाणारी पोरे यंत्राशी रोज बोलतात, त्याला शिव्या घालतात, त्याची समजूतही काढतात. शेतात बसवलेला मोबाइल स्टार्टर फोनवरून पंप चालू करतो आणि नको तेव्हा बंदही करतो. विज्ञान या भागात कोणी बाहेरून आणून दाखवायची गोष्ट राहिलेली नाही, आणि त्यावर हसण्याची रीत तर तमाशाने कधीच घालून दिली आहे.

मराठीत पैसा नाही, म्हणून विज्ञानपट जमत नाही, हे कारण नेहमी दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. ‘दे दणादण’ला लाल रंग पुरला, ‘पीके’तल्या सर्वोत्तम प्रसंगाला गाजर आणि कागद पुरले. पैसा कमी पडतो तो भव्यतेसाठी. नियम पाळायला तो लागत नाही. आणि नियम तपासायची सर्वांत स्वस्त जागा पुणे जिल्ह्यातच आहे. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा भरते आणि महाविद्यालयीन मुले तिथे एकांकिका करतात. शिरूर-दौंडच्या मुलांनी अशी एखादी कल्पना आधी रंगमंचावर आणावी, किंवा त्याहून बरे म्हणजे गावच्या जत्रेत बतावणी म्हणून करून पाहावी. पायरी गळली तर मागच्या रांगेतले लोक लगेच सांगतील. ते सांगतील तिथे दुरुस्ती करावी आणि कॅमेरा त्यानंतर भाड्याने आणावा.